परदेशी शिक्षणाचा हिशेब आधी खळ्यावर मांडा

पनवेल तालुक्याच्या पूर्वेकडील एका गावात पौष महिन्यात वालाच्या पिकाची पाहणी करायला गेलो होतो. वाल फुलावर आला होता, शेंगा पोखरणारी अळी कुठे कुठे दिसत होती. बांधावर एक काका उभे होते. अळीचे औषध विचारतील म्हणून मी वही काढली, तर ते म्हणाले, "साहेब, औषधाचं राहू द्या. वीस गुंठे विकून पोरीला लंडनला धाडायची हाय. पैसे पुरतील का, तेवढं सांगा."

मी कृषी पदविका झालेला विस्तार अधिकारी. लंडन मी पाहिलेले नाही. पण आपल्या भागात हल्ली हा प्रश्न खत-बियाण्याइतकाच वारंवार कानावर येतो, आणि तो येतो तेव्हा बहुतेक वेळा जमीन विकायला निघालेली असते. म्हणून काकांच्या ओट्यावर बसून जो हिशेब आम्ही मांडला, तो शेतकरी बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहे. काकांचे नाव-गाव सांगत नाही. असे काका प्रत्येक गावात आहेत.

जमीन गेली, पैसा आला, पैसाही गेला

आपल्या पनवेल-उरणला जमिनीचा पैसा नवा नाही. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी आपल्या जमिनी गेल्या. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले, गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. २०१३ मध्ये नैना क्षेत्र जाहीर झाले. २०१६ मध्ये पनवेलची महापालिका झाली. २०२५ च्या डिसेंबरात विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागली. आता गावातल्या पोरांना विमान रोज डोक्यावरून जाताना दिसते. आपणही त्यात बसावे असे त्यांना वाटले तर त्यात वावगे काही नाही.

पैसा गाडीत आणि बंगल्यात घालण्यापेक्षा शिक्षणात घालावा, हे मी स्वतः ग्रामसभेत बोललो आहे. पण बियाणे चांगले म्हणून कुणी खळे न मोजता पेरा वाढवीत नाही. शिक्षणाचेही तसेच आहे.

काकांना सांगितलेला हिशेब

पनवेल शहरातल्या एका एजंटाने काकांना सांगितले होते, "फी अठरा हजार पौंड. साडेएकवीस लाखांचं काम आहे. राहण्या-खाण्याचं पोरगी तिथं काम करून भागवील." काकांच्या वीस गुंठ्यांचे पंचवीस लाख ठरले होते. दोन लाख इसारही घेतला होता. त्यातले चाळीस हजार एजंटाला 'फाईल चार्ज' म्हणून दिले होते.

मुलगी बी. एस्सी. झालेली, हुशार. तिला इंग्लंडात अन्न तंत्रज्ञानाचा एक वर्षाचा पदव्युत्तर कोर्स करायचा होता. मी तिला म्हटले, "ताई, कागद-पेन घे, आपण दोघे मिळून मांडू." माझ्याकडे पीक प्रात्यक्षिकाचे कोरे फॉर्म होते. त्याच्याच पाठीवर लिहायला सुरुवात केली. पौंडाचा भाव रोज हलतो, म्हणून हिशेबापुरता १२० रुपये धरला.

पहिली ओळ फीची: १८,००० पौंड.

दुसरी ओळ राहण्या-खाण्याची. इंग्लंडच्या सरकारने याचा आकडाच ठरवून दिला आहे. २०२५ च्या नोव्हेंबरपासून लंडनबाहेर महिना १,१७१ पौंड आणि लंडनमध्ये १,५२९ पौंड. व्हिसासाठी नऊ महिन्यांचे पैसे दाखवावे लागतात. इथेच बहुतेकांची चूक होते. सरकार नऊ महिन्यांचे मागते, पण कोर्स बारा महिन्यांचा असतो आणि पोर बारा महिने जेवते. लंडनबाहेरचा दर धरला तरी बारा महिन्यांचे १४,०५२ पौंड झाले.

तिसरी ओळ कुणीच सांगितली नव्हती. तिथल्या सरकारी दवाखान्यासाठी विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार व्हिसाबरोबरच आगाऊ भरावा लागतो. वर्षाच्या कोर्सला व्हिसा वर्षाहून जास्त महिन्यांचा मिळतो, म्हणून भरणा दीड वर्षाचा, १,१६४ पौंड.

तिन्ही मिळून ३३,२१६ पौंड. रुपयात ३९ लाख ८६ हजार. त्यावर इंग्रजीची परीक्षा, व्हिसाची फी, क्षयरोगाची तपासणी, विमानाचे तिकीट, थंडीचे कपडे, खोलीची अनामत हे सगळे मिळून अडीच लाख धरले. बेरीज गेली ४२ लाख ३६ हजारांवर.

मुलीने बेरीज दोनदा तपासली. काका काही बोलले नाहीत. पंचवीस लाखांत शेत जाणार होते आणि तरीही सतरा लाख कमी पडणार होते.

तिथे कमावून भागते का?

यात खोटे काही नाही, पण पूर्ण खरेही नाही. कॉलेज चालू असताना इंग्लंडात विद्यार्थ्याला आठवड्याला वीस तास काम करता येते. २१ वर्षांवरच्यांना किमान मजुरी २०२६ च्या एप्रिलपासून ताशी १२.७१ पौंड. म्हणजे आठवड्याला २५४ पौंड, आपले तीस हजार. ऐकून कुणाचेही डोळे विस्फारतील. दर आठवड्याला पूर्ण वीस तास मिळाले तर महिना अकराशे पौंड होतात आणि जेवणखाण-भाडे जवळपास निघते.

मात्र पहिले दोन-तीन महिने काम शोधण्यात जाऊ शकतात. परीक्षेच्या दिवसांत काम सोडावे लागते. वीस तासांच्या वर काम केले तर व्हिसा धोक्यात येतो. शिवाय फी या कमाईतून निघत नाही आणि व्हिसाच्या वेळी ही पुढची कमाई धरलीच जात नाही. पाऊस पडेल तसा पडेल, पण पेरणीचे बियाणे घरात हवे. म्हणून माझा सल्ला असा: ही कमाई निम्मीच धरा आणि तीही अडीअडचणीसाठी.

इतर देशांचे नियम वेगळे आहेत. ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास, कॅनडात २०२४ च्या नोव्हेंबरपासून आठवड्याला २४ तास. अमेरिकेत पहिल्या वर्षी कॉलेजच्या आवारातच आणि सत्र चालू असताना वीस तासांपर्यंतच काम करता येते. बाहेर हॉटेलात काम मिळेल असे कुणी सांगितले तर तो नियम मोडायला सांगतो आहे, असे समजा.

रुपयाची घसरण म्हणजे न दिसणारी कीड

१९९० मध्ये एक डॉलर साधारण साडेसतरा रुपयांना मिळत होता. २०२५ च्या डिसेंबरात तो नव्वदीच्या पुढे गेला. वरच्या हिशेबात पौंड एका रुपयाने महागला की खर्च ३३ हजारांनी वाढतो. पाच रुपयांनी महागला तर एक लाख ६६ हजारांनी. दोन वर्षांचा कोर्स असेल तर दुसऱ्या वर्षाची फी आजच्या भावाने धरू नका. दहा टक्के जास्त धरा. उरले तर आनंदच आहे.

बँकेतून परदेशात पैसे पाठवताना आणखी एक कपात असते. वर्षाला दहा लाखांच्या वर स्वतःचे पैसे पाठवले की बँक आयकराची रक्कम आगाऊ कापते. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून फी गेली तर २०२५ च्या एप्रिलपासून ही कपात नाही. कापलेले पैसे विवरणपत्र भरल्यावर करात वळते होतात किंवा परत मिळतात. पण त्यासाठी विवरणपत्र भरावे लागते. आपल्यातले बरेच जण शेतीचे उत्पन्न करमुक्त म्हणून ते भरत नाहीत आणि पैसे तसेच अडकून पडतात.

कर्ज घ्यावे की जमीन विकावी?

शैक्षणिक कर्जाचा साधारण नियम असा: चार लाखांपर्यंत तारण नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीनदार आणि त्यावर तारण. परदेशी शिक्षणाला पंधरा टक्के रक्कम आपण घालायची असते. कोर्स आणि त्यापुढे एक वर्ष हप्ता नसतो, फेड पंधरा वर्षांपर्यंत करता येते.

आपली अडचण तारणाची आहे. शैक्षणिक कर्जाला बहुतेक बँका शेतजमीन तारण घेत नाहीत. बिगरशेती प्लॉट, फ्लॅट, मुदत ठेव मागतात. गावठाणातल्या घराचे प्रॉपर्टी कार्ड नसेल तर तेही चालत नाही. साडेबारा टक्क्यांचा भूखंड असेल तर तो भाडेपट्ट्याचा असल्याने सिडकोची ना-हरकत लागते. त्यात वेळ जातो, म्हणून हे काम प्रवेशाच्या आधी वर्षभर सुरू करा.

हप्त्याचाही हिशेब बघा. तीस लाख कर्ज ११ टक्क्यांनी घेतले आणि कोर्सचे एक व पुढचे एक अशी दोन वर्षे काही भरले नाही, तर साधे व्याजच सहा लाख साठ हजार चढते. मग ३६ लाख ६० हजारांची फेड दहा वर्षांत करायची तर महिना हप्ता पन्नास हजारांच्या वर जातो. २०२५-२६ च्या हंगामात साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. एकरी सोळा क्विंटल उतारा धरला तर एका एकराचे ३७,९०४ रुपये होतात, तेही नांगरट-लावणी-मजुरी वजा न करता. म्हणजे दर महिन्याला सव्वा एकराहून जास्त शेताचे अख्खे भात बँकेत न्यायचे. शेतीवर हे कर्ज फिटणार नाही. ते पोराच्या नोकरीवरच फिटायला हवे. म्हणून कोर्स कोणता, त्याला नोकरी कुठे आणि किती पगाराची, हे आधी विचारा. शिक्षणानंतर इंग्लंडात काम शोधायला मिळणारी दोन वर्षांची सवलतही १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीड वर्षाचीच राहणार आहे.

तर मग जमीन विकावी का? हा निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा. पण तीन गोष्टी तपासा. एक, वडिलोपार्जित जमिनीत मुली-बहिणींचा हिस्सा आहे. त्यांच्या सह्या आणि मन दोन्ही सांभाळा. दोन, महापालिका हद्दीतली किंवा हद्दीपासून ठराविक अंतरातली शेतजमीन विकली तर आयकर लागू शकतो. खरेदीखताआधी सी. ए. ला विचारा. तीन, ही सर्वात मोठी: शेवटचा सातबारा विकला की शेतकरी म्हणून आपला पुरावा जातो. कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. पोरगा उद्या पैसे कमावून आला आणि म्हणाला, 'बाबा, पुन्हा शेत घेऊ,' तर दारातच अडचण उभी राहते. विकायचेच असेल तर दोन गुंठे तरी नावावर राहतील असे बघा.

मोठ्या माणसांनाही पैशाने अडवले

कुणी म्हणेल, साहेब आमच्या पोरांचे पाय मागे ओढतात. तसे नाही. १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे, आणि परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची असा करार. पुढे ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धे टाकून त्यांना परत यावे लागले. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेतले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठून शिक्षण पुरे केले.

ज्यांच्या महाडच्या सत्याग्रहाने आपला जिल्हा देशाला माहीत झाला, त्यांना पैसा मध्येच संपण्याचा फटका बसला. पण त्यांनी वाट सोडली नाही. तीन वर्षे थांबले, तजवीज केली आणि मग गेले. थांबणे म्हणजे हरणे नव्हे, एवढे यातून घेण्यासारखे आहे.

सरकारी मदत कुठे आहे?

आज शाहू महाराज आणि सयाजीराव महाराज यांच्या नावाने योजनाच आहेत. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना समाजकल्याण विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती. इतर मागास, विमुक्त जाती, भटक्या जमाती यांना इतर मागास बहुजन कल्याण विभागाची. मराठा समाजाच्या मुलांना सारथी संस्थेची सयाजीराव महाराजांच्या नावाची. आपल्या ठाकूर, कातकरी वाड्यांतल्या मुलांना आदिवासी विकास विभागाची. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत भूमिहीन शेतमजुरांच्या मुलांनाही जागा आहेत, हे फार थोड्यांना माहीत आहे.

या योजना मुख्यतः पदव्युत्तर आणि पीएच. डी. साठी आहेत. बारावीनंतर लगेच बाहेर जाणाऱ्याला त्यांचा उपयोग जवळपास नाही. विद्यापीठ जागतिक क्रमवारीत ठराविक क्रमांकाच्या आत असावे लागते. म्हणून एजंटाने सुचवलेले कॉलेज त्या यादीत बसते का, हे आधी पाहा. इतर मागासवर्गीय महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजनाही आहे. परदेशी शिक्षणासाठी वीस लाखांपर्यंतच्या कर्जावर १२ टक्क्यांपर्यंतचे व्याज परत मिळते, पण हप्ते वेळेवर भरले तरच.

जर्मनीचाही विचार करा. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण फी नाही. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो बंद खात्यात ठेवावे लागतात आणि त्यातून महिना ९९२ युरो आपल्याच खर्चाला मिळतात. युरो १०५ रुपये धरला तर वर्षाला साडेबारा लाख. कागदपत्रांची तपासणी आधी करून घ्यावी लागते, प्रवेश गुणांवर मिळतो आणि भाषा शिकावी लागते. म्हणूनच एजंट त्याचे नाव कमी घेतात, असा माझा अंदाज आहे. कॅनडात २०२५ च्या सप्टेंबरपासून फीशिवाय वर्षाच्या खर्चाचे २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. डॉलर ६५ रुपये धरला तर जवळजवळ पंधरा लाख.

गावच्या कारभाऱ्यांना विनंती

तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील मंडळींना हात जोडून सांगणे आहे. अशा मुलाला उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रिमिलेअर, अधिवास हे सगळे एका महिन्यात लागते. आपल्याकडे एका दाखल्याला तीन हेलपाटे होतात आणि शिष्यवृत्तीची तारीख निघून जाते. सातबारावर बापाचे नाव एक, आधारवर दुसरे आणि पासपोर्टवर तिसरे असेल तर तिथला अधिकारी शंका घेणारच. शेतीचे उत्पन्न दाखवायला भात विक्रीच्या पावत्या जपून ठेवायला सांगा. खात्यात पैसा आज भरून उद्या अर्ज करता येत नाही. इंग्लंडसाठी तो सलग २८ दिवस खात्यात असावा लागतो, आणि अचानक मोठी रक्कम आली तर ती कुठून आली हे विचारले जाते. सावकाराकडून चार दिवसांसाठी पैसे आणून 'दाखवणे' हा धंदा काही ठिकाणी चालतो. त्यात पडू नका.

माझ्या चुलतभावाने एका एजंटाला दीड लाख दिले होते. कॉलेजचे नाव चकचकीत होते, कोर्सला तिथे किंमत नव्हती. तो आठ महिन्यांत परत आला. आजही त्याच्या घरी कुणी विमानाचा विषय काढत नाही. तेव्हा एजंटाला पैसे देण्याआधी एक करा: फीचा आकडा कॉलेजच्या स्वतःच्या पत्रात बघा आणि पैसे कॉलेजच्या खात्यातच भरा.

काकांचे पुढे काय झाले?

त्या दिवशी संध्याकाळी मी निघालो तेव्हा काका म्हणाले, "साहेब, तुम्ही औषध लिहून द्यायला आलात आणि आजारच दाखवलात." मला वाईट वाटले. मुलगी मात्र म्हणाली, "बाबा, शेत गेल्यावर मार्चमध्ये कळलं असतं तर?"

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. इसार परत दिला. एजंटाला दिलेले चाळीस हजार काही परत आले नाहीत. ती तूट पतपेढीतून कर्ज काढून भरली. मुलीने तळोज्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी धरली आहे. शिष्यवृत्तीच्या यादीत बसणाऱ्या विद्यापीठांची नावे तिने स्वतः काढली आणि रात्री जर्मन भाषेचा वर्ग सुरू केला. पुढच्या वर्षी ती जाईल की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण गेली तर तिला माहीत असेल की पैसे किती, कुठून आणि कुठपर्यंत.

पीक प्रात्यक्षिकाचा तो फॉर्म तिने जपून ठेवला आहे. तुमच्या घरात कुणी परदेशी जायचे म्हणत असेल तर असा एक कागद घ्या आणि पोराच्याच हाताने मांडायला लावा: फी, बारा महिन्यांचे जेवण-भाडे, विमा, प्रवास, रुपयाची घसरण, कर्जाचा हप्ता. सहा ओळी पुरतात. वीस गुंठ्यांपुढे सहा ओळी काही जास्त नाहीत.

वालावरच्या अळीसाठी काकांना पाच टक्के निंबोळी अर्क फवारायला सांगितले होते. शेंगा चांगल्या धरल्या आहेत, असेही ते फोनवर म्हणाले.